थंडीतही लाईट जातात. एका रविवारी आपल्या हातानं मेन पाडून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लाईट जाण्याचा मोसम म्हणजे वैशाख-ज्येष्ठ, हा पुणेकरांचा जुना हिशेब. वळीव कोसळतो, गुलमोहराची फांदी तारेवर येते, गल्ली काळोखात जाते आणि मग इन्व्हर्टरची आठवण होते. दिवाळी झाली की पंखे बंद, एसी बंद, आणि कोपऱ्यातल्या त्या ट्रॉलीकडे कुणी ढुंकून बघत नाही. ९ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे हा हिशेब चुकला. ना वारा, ना पाऊस, होतं ते दाट धुकं आणि दव. लोणीकंद आणि चाकण इथल्या ४०० केव्ही (किलोव्होल्ट) उपकेंद्रांकडे येणाऱ्या अतिउच्चदाब वाहिन्या पहाटे साडेचार ते सहाच्या दरम्यान एकामागून एक ट्रिप झाल्या, म्हणजे आपोआप बंद पडल्या, आणि पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकणचा मोठा भाग विजेविना जागा झाला.

दवानं वीज कशी जाते, असं पुष्कळांना वाटतं. पाऊस संपल्यापासून इन्सुलेटरवर, म्हणजे तारेला मनोऱ्यापासून अलग ठेवणाऱ्या चकत्यांवर, धूळ बसत राहते. मोठा पाऊस ती धुऊन नेतो, पण दव धूत नाही, नुसतं भिजवतं. ओल्या धुळीच्या थरातून वीज झिरपू लागते, झिरपता झिरपता एकदम ठिणगीची उडी मनोऱ्याच्या लोखंडाकडे जाते आणि रिले, म्हणजे बिघाड ओळखणारं यंत्र, लाइन तोडतो. तो तोडतो तेच बरं. गल्लीतल्या ११ केव्हीच्या पोलवर छोट्या प्रमाणात हेच चालू असतं. थंडीत पहाटे फिरायला जाताना तारेखाली जो चर्रचर्र आवाज येतो, तो हाच. त्यात हिवाळ्यात अवकाळीही येतो. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस नाशिक-नगर पट्ट्यात गारा पडल्या, त्या काही मे महिन्याची वाट बघत थांबल्या नव्हत्या.

थंडीतली वीज जाणं तासांच्या हिशेबात उन्हाळ्यापेक्षा कमीच असेल. पण ती जाते तेव्हा घरातली प्रत्येक पर्यायी व्यवस्था तीन-चार महिने निजलेली असते: बॅटरी, जनरेटर, लिफ्टचा बचाव संच, इमर्जन्सी दिवा. बंद पडतात त्या बहुतेक वस्तू वापरून झिजलेल्या नसतात, न वापरता बसून बिघडलेल्या असतात. म्हणून सुचवावंसं वाटतं ते एवढंच, की येत्या एखाद्या रविवारी सकाळी सातला घरातला मेन आपल्या हातानं पाडा आणि दोन तास तसाच ठेवा. मीटररूममधला कटआउट नव्हे, घरातल्या डीबीमधला (स्विचांच्या पेटीतला) मेन. कॉम्प्युटर आधी बंद करा आणि आंघोळीला कुणी गेलेलं नाही ना, ते बघा.

पहिल्या दहा मिनिटांत काय पेटलं आणि काय नाही, याची यादी करा. वायरमननं जाता जाता जोडलेले पॉइंट घराच्या गरजेचे असतातच असं नाही. बैठकीतलं झुंबर इन्व्हर्टरवर आणि संडासात अंधार, असं सर्रास आढळतं. स्वयंपाकघरातली एक ट्यूब, न्हाणीघर आणि संडासातला एकेक दिवा, म्हाताऱ्या माणसांच्या खोलीतला एक दिवा, दाराबाहेरचा दिवा आणि वायफायचा सॉकेट, एवढं आधी, शोभा नंतर. जे स्विच इन्व्हर्टरवर आहेत त्यांच्यावर लाल टिकली चिकटवून ठेवा. पाहुण्यालाही समजतं आणि कुणी मिक्सरची पिन त्या सॉकेटमध्ये खुपसत नाही. मेन पाडल्यावर किंवा पुन्हा चढवताना ईएलसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) पडत असेल, तर इन्व्हर्टरच्या सर्किटचा न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) बाकी घराच्या न्यूट्रलमध्ये कुठेतरी मिसळलेला आहे. यावर ईएलसीबी काढून टाकणं हा उपाय नव्हे. वायरमन तो सुचवेल, त्याला नाही म्हणा आणि न्यूट्रल वेगळे करून घ्या.

आता बॅटरी. पुण्यातल्या घरांत साधारण १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी असते. गुणाकार केला तर १८०० वॅट-तास होतात आणि दुकानदार तोच आकडा ऐकवतो. पण १५० एएच हे माप २० तासांत सावकाश, म्हणजे साडेसात अँपिअरनं, रिकामी करण्याचं आहे. घरात ३०० वॅटचा भार असेल तर इन्व्हर्टरचा तोटा धरून बॅटरीतून ३० अँपिअरच्या आसपास जातात, आणि जितक्या जोरानं उपसाल तितकं कमी हाती लागतं. नवी बॅटरी या भारावर चारएक तास काढेल. तीन-चार वर्षं वापरलेली दोन-अडीच तासांत मान टाकेल. शिवाय हे माप २७ अंश तापमानाचं आहे. शिवाजीनगरचा पारा दहाच्या खाली गेला की बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि दहा-पंधरा टक्के आणखी वजा होतात. हे सगळं खराब बॅटरीचं नाही, चांगल्या बॅटरीचं बोलतोय.

३०० वॅट म्हणजे किती? साधा सिलिंग फॅन ७०-७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी तीसच्या आसपास. एलईडी ट्यूब २०, बल्ब ९, वायफायचा डबा १०-१२, बत्तीस इंची टीव्ही ५०. थंडीत पंखे नसतात, म्हणजे चार ट्यूब, वायफाय आणि टीव्ही मिळून दीडशेच्या आतच राहायला हवं. म्हणूनच थंडीत बॅटरी दोन तासांत बसली तर ‘लोड जास्त झाला असेल’ अशी स्वतःची समजूत घालू नका. बॅटरी गेलेली आहे.

खात्री करायची तर हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) घ्या. तो महाग नसतो. पूर्ण चार्ज झाल्यावर तीन-चार तास थांबून सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ही घनता, मोजा. ट्यूब्युलरला १२४० च्या आसपास हवी. सगळे सेल सारखेच ११९० दाखवत असतील, तर चार्जिंग अपुरं आहे आणि बॅटरी कदाचित वाचेल. पाच सेल १२३० आणि एक ११५० असेल, तर तो एक सेल मेला. सहा सेल साखळीत असतात, त्यामुळे एक गेला की सगळी बॅटरी गेली. पाणी घालून, चार्ज करून तो परत येत नाही, कितीही कुणी सांगितलं तरी.

महिनोन्‌महिने नुसत्या चार्जिंगवर उभ्या राहिलेल्या बॅटरीत एक वेगळाच बिघाड होतो. ॲसिड पाण्यापेक्षा जड. हालचाल नसली की ते तळाशी साचतं आणि वर पातळ पाणी राहतं. ताकाचं पातेलं ढवळलं नाही की जे होतं तेच. प्लेटांच्या तळाच्या भागावर पांढरा सल्फेट धरतो, वरचा भाग नीट काम करत नाही. महिन्यातून एकदा घराचा नेहमीचा भार देऊन बॅटरी निम्म्यापर्यंत उतरवायची आणि लगेच पुरी भरायची, हा त्यावर इलाज. चार्जिंगच्या शेवटी जे बुडबुडे येतात तेच आतलं ढवळून काढतात. अर्धी उतरलेली बॅटरी आठवडाभर तशीच ठेवणं मात्र सगळ्यात वाईट.

पाणी चार्जिंग पूर्ण झाल्यावर घाला, आधी नको, कारण चार्ज होताना पातळी चढते आणि आधी काठोकाठ भरलं असेल तर ॲसिड उतू जाऊन फरशी आणि ट्रॉली दोन्ही खातं. तरंगत्या दांडीच्या हिरव्या खुणेपर्यंत पुरे. पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर. आरओचं नको, बिसलरीचं नको, फ्रिजच्या डीफ्रॉस्टचंही नको. आरओच्या पाण्यात क्षार उरलेले असतातच, आणि लोह-क्लोराइड प्लेटला घातक. ॲसिड कधीच घालायचं नाही. पाणी उडतं, ॲसिड उडत नाही.

जागेबद्दल थोडं कटू लिहावं लागेल. दोन खोल्यांच्या घरात बॅटरी जिथे मावेल तिथे जाते, आणि पुष्कळदा ती देवघराच्या खालच्या कपाटात जाते. वर समई, खाली बंद दारामागे चार्ज होणारी बॅटरी. चार्जिंगच्या शेवटी लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के झाला की ठिणगीनं स्फोट होऊ शकतो. कपाटाची दारं काढा किंवा बॅटरी हलवा. देवाची जागा बदलण्यापेक्षा ते सोपं.

टर्मिनलवर पांढरट-हिरवट बुरशीसारखं साचलं असेल तर ते प्रवाहाला अडवतं. ६०० वॅटच्या भाराला १२ व्होल्टच्या बाजूनं ५० अँपिअरहून अधिक जातात. तिथे नट अर्धा आटा जरी ढिला असला तरी लग (वायरीच्या टोकाचा जोड) तापतो, वायरीचं आवरण मऊ होतं. इन्व्हर्टर बंद करा, मेन पाडा, इन्व्हर्टरची पिन काढा. आधी काळी वायर सोडवा, मग लाल. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासा, पाणी झाकणांतून आत जाऊ देऊ नका. कोरडं पुसून आधी लाल, मग काळी जोडा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. हातातली अंगठी, बांगडी आधी काढून ठेवा. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण पाना दोन टर्मिनलला एकदम टेकला तर तो लाल होतो आणि अंगठी टेकली तर बोट भाजतं.

मेन पाडून अर्धा तास झाला की न्हाणीघराकडे या. २००० वॅटचा गीझर इन्व्हर्टरवर चालणार नाही, हे उघड आहे. ज्यांच्याकडे गॅस गीझर आहे त्यांना वाटतं, आपलं बरं, आपला सेलवर पेटतो. तो पेटतो, पण न्हाणीघरातला एक्झॉस्ट फॅन विजेवर चालतो आणि तो बंद आहे. बाहेर थंडी, म्हणून खिडकीची काचही लावलेली. अशा चार बाय सहाच्या खोलीत दहा मिनिटं गीझर चालला तर हवेतला प्राणवायू कमी पडून ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, गरगरतं, पाय लुळे पडतात, आणि कडी आतून लावलेली असते. वीज नसताना गॅस गीझर चालवायचाच तर खिडकी सताड उघडी, बादली भरून घ्यायची, गीझर बंद करायचा आणि मग दार लावून आंघोळ. कोळशाची शेगडी शेकोटीसाठी बंद खोलीत आणणाऱ्यांनाही हेच लागू, आणि बाल्कनीत छोटा जनरेटर चालवणाऱ्यांना तर दुप्पट लागू.

जनरेटरचा विषय निघालाच आहे तर, दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटर घरातल्या सॉकेटमध्ये जोडण्याचा जुगाड काही ठिकाणी चालतो. घरातला मेन पाडायचा राहिला, तर ती वीज उलटी मीटरमधून ट्रान्सफॉर्मरवर जाते. ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही; खालून २३० आले तर तो वर हजारो व्होल्ट करून ठेवतो. तिथे पोलवर, लाइन बंद आहे असं समजून कुणीतरी हात घातलेला असतो. एका वेळी लाइन किंवा जनरेटर एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच नसेल तर जनरेटर जोडूच नका. गच्चीवर सोलर पॅनेल आहेत तरी वीज गेल्यावर घर अंधारात का, याचंही उत्तर इथेच आहे. ग्रिडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर ग्रिड गेला की मुद्दाम स्वतःला बंद करतो. तो दोष नव्हे. अंधारातही सोलर हवा असेल तर बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि तो घेतानाच ठरवावा लागतो.

फ्रिजचं दार न उघडता चार तास निभतात. फ्रीझर गच्च भरलेला असेल तर अठ्ठेचाळीस तास, अर्धा असेल तर चोवीस, म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. पाऊण भरा, बर्फ फुगतो. थंडीत आपल्याकडे फ्रीझरमध्ये वर्षभराचे मटार असतात. पाकीट हातात घेऊन दाबून बघा. दाणे कडक असतील किंवा बर्फाचे कण लागत असतील तर परत गोठवायला हरकत नाही. मऊ आणि पाणी सुटलेले असतील तर त्याच दिवशी उसळ करा. तुम्ही घरी नसताना वीज जाऊन आली का, हे कळायला वाटीभर बर्फावर एक रुपया ठेवून द्या. तो बर्फात खाली गेलेला दिसला तर मधे सगळं वितळलं होतं.

इन्शुलिनबद्दल घबराट होते. वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत खोलीच्या तापमानाला चार आठवडे चालतं, नेमके दिवस आणि अंश वेष्टणावर छापलेले असतात. न फोडलेला साठा २ ते ८ अंशांत हवा. तो वाचवायच्या नादात बर्फाला टेकवून ठेवू नका, गोठलेलं इन्शुलिन फेकूनच द्यावं लागतं. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून रुग्णाला देणारं यंत्र) ज्यांच्याकडे आहे त्यांचं गणित वेगळं. पाच लिटरचं यंत्र ३०० वॅटहून अधिक घेतं, म्हणजे वरचा सगळा हिशेब त्या एकट्यावर संपला. घरात दुसरं काही न लावताही तीन तासांपलीकडे विश्वास ठेवू नये. ऑक्सिजनचा बी टाइपचा भरलेला सिलिंडर साधारण १५०० लिटरचा, दोन लिटर प्रतिमिनिटाला बाराएक तास. तो, रेग्युलेटर आणि पाना खाटेजवळच हवा. सिलिंडर आहे पण पाना सापडत नाही, हे पहाटे पाच वाजता परवडत नाही.

वीज परत येते त्या क्षणाला सगळ्यात जास्त वस्तू जळतात. वीज गेल्यावर फ्रिज, एसी, गीझर, टीव्हीचे स्विच बंद करायचे, एक दिवा तेवढा चालू ठेवायचा. दिवा लागल्यावर पाच मिनिटं बघायचं, मग फ्रिज. कॉम्प्रेसरमधला दाब उतरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. दाब असताना तो सुरू होऊ बघतो, फिरू शकत नाही आणि गुंडाळी तापते. आणि परत आलेल्या विजेनं काही दिवे झगझगीत, काही मिणमिणते दिसले, पंखा नेहमीपेक्षा जोरात फिरला, तर एक क्षणही विचार करू नका, मेन पाडा. पोलवरचा न्यूट्रल सुटलेला आहे. आपल्या घराला मिळणारे २३० व्होल्ट हे फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रलमधले. न्यूट्रल तुटला की शेजाऱ्यांच्या वेगळ्या फेजशी आपली सांगड बसते आणि ज्याच्या घरात भार कमी, त्याच्याकडे तीनशे, साडेतीनशे, चारशेपर्यंत व्होल्टेज चढतं. सकाळी सगळ्यांचे गीझर चालू आणि आपल्याकडे नुसता टीव्ही, तर टीव्ही गेला म्हणून समजा. एमसीबी यात पडत नाही, तो जादा करंटला पडतो. यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ वेगळा मिळतो, डीबीत बसतो, आणि एका टीव्हीच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतो.

सोसायट्यांबद्दल थोडक्यात. डीजी (डिझेल जनरेटर) सुरू न होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण इंजिन नव्हे, त्याची स्टार्टिंग बॅटरी. आठवड्यातून एकदा तो नुसता घुरघुरवून उपयोग नाही. पंप आणि लिफ्ट त्याच्यावर टाकून पंधरा मिनिटं चालवा. लिफ्ट मधेच थांबली तर ती जवळच्या मजल्याला नेणारा एआरडी संच असतो, त्याच्याही बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत संपतात. महिन्यातून एकदा लिफ्ट रिकामी असताना मशीनरूममधून तिचा मेन बंद करून ती मजल्यावर येऊन दार उघडते का, ते लिफ्टवाल्यासमोर बघा. वरच्या टाकीची पातळी रात्री झोपताना पूर्ण असेल, असा वॉचमनचा नेम करा. पहाटे वीज गेली की पंपही गेला. पुण्यात गुरुवार देखभालीचा वार. बंदची सूचना आलेली असते, तोच दिवस या सगळ्या चाचण्यांना साधून घ्यावा, फुकटात.

फायबरचं इंटरनेट घरातल्या डब्याला वीज मिळाली की बहुधा चालतं. गच्चीवर स्विच लावून केबलवाल्यानं दिलेलं चालेलच असं नाही, कारण त्या स्विचलाही वीज लागते. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेतून फोनला सहा-साडेसहा हजारच मिळतात, बाकी रूपांतरात जातात. सतत प्लगला लटकवलेला इमर्जन्सी दिवा ऐन वेळी दहा मिनिटांत विझतो. महिन्यातून एकदा पूर्ण वापरून परत भरा.

तार तुटून पडली असेल तर ती मेलेली आहे असं कधीही धरू नका, ओल्या जमिनीत तर नाहीच. दहा मीटर लांब राहा. जवळ आलाच असाल तर लांब ढांगा न टाकता पाय जुळवून, घसटत मागे या, कारण दोन पावलांमधल्या जमिनीतही व्होल्टेजचा फरक असतो. तक्रारीचा क्रमांक १९१२. फोनवर पहिल्यांदा बारा आकडी ग्राहक क्रमांक विचारतात आणि तो बिलावर असतो, बिल मोबाइलवर असतं, मोबाइलची बॅटरी संपलेली असते. तो क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. रविवारी मेन चढवायला झाकण उघडाल तेव्हाच.

आपला,
एक निवृत्त विद्युत पर्यवेक्षक,
कर्वेनगर, पुणे